लाल कांदा टिकत नाही

२०२३च्या फेब्रुवारीत आमच्या वर्गात कांद्याचा लिलाव झाला आणि त्यातही भाव पडला.

मी लासलगावात ज्युनिअर केजीला शिकवते. चार-पाच वर्षांची बावीस मुलं. पाटीवर ‘प्री-प्रायमरी’ लिहिलंय, गावात सगळे बालवाडीच म्हणतात आणि मुलं मला टीचर म्हणतात. वर्गाच्या खिडकीतून मार्केटकडे जाणारे ट्रॅक्टर आणि पिकअप दिसतात. सीझनला सकाळी रांग लागली की मुलं डबा सोडून खिडकीशी जातात, कारण कुणाचे तरी पप्पा, काका, आजोबा त्या रांगेत असतात. लासलगावची बाजार समिती १९४७ सालची. आशियातली कांद्याची सगळ्यात मोठी बाजारपेठ, असं आम्ही बाहेरच्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगतो. मुलांना त्याचं काही नाही. त्यांच्यासाठी ते नुसतं मार्केट आहे.

थीम म्हणजे काय हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. गेल्या पंधरा-वीस वर्षांत तुम्ही केजीत गेला असाल तर तुम्हीही ‘येलो डे’ला पिवळा टीशर्ट घालून, हातात केळं धरून फोटो काढून घेतला असेल. एक आठवडा, एक विषय. गाणं, गोष्ट, चित्र, मोजणी, खेळ, सगळं त्याच विषयाभोवती. कल्पना वाईट नाही. चार वर्षांचं मूल जगाकडे गणित, भाषा, परिसर अशा तासिका पाडून बघत नाही. त्याच्यासमोर एक गोष्ट ठेवली की ते तिच्याभोवती फिरत राहतं, चाटून बघतं, आपटून बघतं, तिच्याबद्दल शंभर प्रश्न विचारतं.

आमच्या थीम एका विकत घेतलेल्या पीडीएफमधून येतात. ती कुठल्या शहरात बसून कुणी केली हे मला माहीत नाही, पण तिथे कांदा पिकत नसावा. डिसेंबरला ‘विंटर’ थीम असते आणि आम्ही कापसाचा स्नोमॅन करतो. गंमत म्हणजे आमचा निफाड तालुका थंडीसाठी राज्यात प्रसिद्ध आहे. दर हिवाळ्यात नीचांकी तापमानाच्या बातमीत निफाडचं नाव असतं, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात ते मोजतात. कडाका वाढला की द्राक्षबागांमध्ये रात्रभर शेकोट्या पेटतात, मणी तडकू नयेत म्हणून. आमच्या वर्गातली दोन-तीन मुलं अशा रात्री शेकोटीपाशी जागलेली असतात. सकाळी डोळे चोळत येतात आणि आम्ही त्यांच्या हातात कापूस देतो.

‘कम्युनिटी हेल्पर्स’च्या आठवड्यात बारा कार्डं आली होती. पोस्टमन, फायरमन, शेफ, पायलट वगैरे. शेतकरी होता, पण त्याच्या डोक्यावर गवताची रुंद हॅट होती. एका मुलीने सगळी कार्डं बघून विचारलं, “टीचर, माझी मम्मी कोणती?” तिची आई एका व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा निवडते. मी बाराही कार्डं परत एकदा बघितली, जणू एखादं सापडेल, आणि म्हणाले, “मम्मी तर सगळ्यांचीच हेल्पर असते ना!” ती गप्प बसली. ते वाक्य माझ्या तोंडात कुठून आलं कोण जाणे, पण मी सुटका करून घेतली एवढं मला तेव्हाच कळलं होतं.

म्हणून फेब्रुवारीत ‘व्हेजिटेबल्स’च्या जागी मी माझी स्वतःची थीम लावली: आपला बाजार. खरे कांदे, खरा तराजू, खऱ्या टोपल्या. मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता.

पहिल्या दिवशी आम्ही कांदे आकाराप्रमाणे लावले. माझ्या डोक्यात तीन ढीग होते: गोल्टी, मध्यम, मोठा. खळ्यावर काम करणाऱ्या आईची ती मुलगी खाली बसली आणि दोन्ही हातांनी इतक्या वेगाने कांदे वेगळे करायला लागली की बाकीची मुलं थांबून बघत राहिली. तिने चार ढीग केले. चौथा कशाचा, मला कळेना. “हे जोड आहेत,” ती म्हणाली. एकाच्या पोटात दोन. ते वेगळे काढावे लागतात, त्यांचा भाव वेगळा. माझं बालपण इथून पाच-सहा किलोमीटरवर गेलंय, मला हे माहीत असायला हवं होतं. नव्हतं, किंवा डिप्लोमा करताना कुठेतरी सांडलं.

शुक्रवारी लिलाव ठेवला. शिकवायचं होतं लहान संख्या आणि मोठी संख्या. खेळ असा की तीन मुलं व्यापारी, बाकीची टोपल्या घेऊन रांगेत. एक व्यापारी आकडा म्हणेल, दुसऱ्याने त्याहून मोठा म्हणायचा. आम्ही वीसपर्यंत मोजतो, तेव्हा बोली दोन-पाचवरून वीसपर्यंत जाईल असं मी गृहीत धरलं होतं.

पहिलीच बोली आली, “दोनशे.”

बोलणारी मुलगी एका व्यापाऱ्याची. तिने तो आकडा मोठा म्हणून निवडलेला नव्हता. तिने तो ऐकलेला होता. समोर टोपली घेऊन उभा असलेला मुलगा म्हणाला, “पाचशे?” तिने कांदा हातात घेतला, उलटसुलट केला. “दोनशे. माल बारीक आहे.” बोलण्याची ढब, मान हलवणं, सगळं मोठ्या माणसाचं. मुलगा तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने टोपली उचलली, फरशीवर उपडी केली आणि भिंतीला टेकून बसला.

“अरे, काय झालं?” मी विचारलं. माझ्या हातात मोबाइल होता, रेकॉर्डिंग चालू होतं आणि माझा आवाज रेकॉर्डिंग चालू असताना असतो तसाच होता.

“पप्पा असंच ओतता,” तो म्हणाला. इकडे बोलताना ‘ओततात’मधला शेवटचा त गळतो.

कुणीतरी हसलं. कुणीतरी त्या मुलीला म्हणालं, “तू चोर आहेस.” ती रडायला लागली आणि रडत रडत ओरडली, “भाव मी नाही करत! भाव वरून येतो!” हे वाक्यही तिचं नव्हतं, घरचं होतं. पाच वर्षांच्या मुलीला शेजारची मुलं चोर म्हणाली तर वापरायला तिच्याकडे तेवढंच एक वाक्य होतं.

एकूण सत्तेचाळीस सेकंदांचा व्हिडिओ. पहिली तीस सेकंदं गोड होती. सुट्टीच्या गडबडीत मी तो शेवटपर्यंत न बघता पालकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘आमचे छोटे शेतकरी’ आणि तीन हिरवी पानं. रात्री फोन आला, डिलीट करा. केला. तोवर बघायचा त्यांनी बघितला होता.

त्या आठवड्यात बाहेर काय चाललं होतं ते सांगायला हवं, कारण फोनवर स्क्रोल करताना कांद्याच्या भावाची बातमी तुमच्यासमोर येते आणि निघून जाते. लाल कांद्याची आवक एकदम वाढली होती. सरासरी भाव क्विंटलला चारशे-पाचशेच्या आसपास फिरत होता, काही मालाला दोनशेच मिळत होते. क्विंटलला दोनशे म्हणजे किलोला दोन रुपये. त्यात काढणी, भाडं, हमाली, तोलाई. त्याच महिन्यात सोलापूरच्या बाजारात पाचशे किलोंवर कांदा विकून बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या हातात दोन रुपयांचा चेक पडला, त्याचा फोटो तुम्ही कदाचित फॉरवर्डही केला असेल. निफाडला अशा गोष्टीची सवय आहे. २०१८ साली आमच्याच तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने साडेसातशे किलो कांद्याचे आलेले १,०६४ रुपये पंतप्रधानांना मनीऑर्डर केले होते. आमच्या शुक्रवारनंतरच्या सोमवारी, २७ फेब्रुवारीला, शेतकऱ्यांनी लासलगावचे लिलाव बंद पाडले. पुढच्या आठवड्यात होळीच्या दिवशी शेजारच्या येवला तालुक्यात एकाने शेतातल्या कांद्यालाच आग लावली. मार्चच्या मध्यावर सरकारने क्विंटलला आधी तीनशे, मग साडेतीनशे रुपये अनुदान जाहीर केलं.

म्हणजे चार वर्षांची मुलं दोनशे हा आकडा ओळखत होती, कारण महिनाभर घरात दुसरा आकडाच नव्हता.

सोमवारी मार्केट बंद पडल्यामुळे त्या मुलाचे वडील त्याला न्यायला स्वतः आले. एरवी आजी येते. मी मनात माफीची तयारी करून उभी होते. ते म्हणाले, “मॅडम, तो व्हिडिओ आहे का तुमच्याकडं?”

“डिलीट केला. सॉरी, मी आधी बघायला पाहिजे होता…”

“नाही नाही. तसं नाही.” ते चपलेकडे बघत होते. “भाव नाही पटला म्हणून ट्रॉली माघारी आणली मी. बांधावर ओतून दिला सगळा. हा मागं गोणपाटावर झोपेल होता. मला वाटलं झोपेल आहे.”

मग थोडं थांबून, “घरी तर काहीच बोलला नाही.”

मुलगा सॅक घेऊन आला, त्यांनी त्याला गाडीवर पुढे बसवलं आणि ते गेले.

मला बरेच दिवस कळत नव्हतं की माझी चूक नेमकी कोणती. व्हिडिओ टाकला ही चूक सरळ आहे, तिच्यावर फार विचार करावा लागत नाही. पण त्याआधीची? पीडीएफची थीम सोडून खरा बाजार वर्गात आणला, ही चूक होती का? स्नोमॅन केला असता तर कुणी रडलं नसतं.

तुम्ही म्हणाल, नाही, हे बरंच झालं, मुलांना वास्तव कळायला हवं. मैत्रिणीही हेच म्हणाल्या. मला ते पटत नाही. वास्तव त्यांना माझ्याआधी कळलेलं होतं. मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. मुलांना काय सांगावं, काय लपवावं यावर प्लेटोपासून वाद चालू आहे आणि त्या वादात एक गोष्ट धरून चाललेली असते, की माहिती मोठ्यांकडे आहे आणि तिचा नळ मोठ्यांच्या हातात आहे. आमच्या वर्गात तसं नव्हतं. ट्रॉलीच्या मागे गोणपाटावर पडलेल्या मुलाकडे माझ्यापेक्षा जास्त माहिती होती.

आणि समजा मी ठरवून ‘वास्तवाची’ थीम केली असती, तर? पुढच्या वर्षी पीडीएफमध्ये एक पान वाढलं असतं. थीम: शेतकऱ्याची व्यथा. कृती: बैलाच्या डोळ्यात निळ्या क्रेयॉनने अश्रू रंगवा. हसू नका, असं होतं. पर्यावरणाच्या आठवड्यात आम्ही रडणारी पृथ्वी रंगवतोच.

थीमच्या इतिहासात थोडं मागे गेले तर एक गोष्ट मला चकित करून गेली. ओव्हिद देक्रोली नावाच्या बेल्जियन डॉक्टरने १९०७ साली ब्रुसेल्समध्ये शाळा काढली आणि मुलांचं शिकणं विषयांऐवजी ‘आस्थेच्या केंद्रां’भोवती बांधलं. आपल्या थीमची ही पणजी म्हणायला हरकत नाही. केंद्रं त्याने माणसाच्या गरजांवरून काढली होती आणि त्या चार होत्या: खाणं, ऊन-वारा-पावसापासून बचाव, धोक्यापासून आणि शत्रूपासून संरक्षण, आणि काम. चारांत एक सबंध केंद्र भीतीचं! आपल्यापर्यंत येईतो खाण्याचं ‘फ्रूट्स’ झालं, हवामानाचं ‘विंटर’ झालं, कामाचं ‘हेल्पर्स’ झालं आणि धोका वाटेत कुठेतरी उतरून गेला. आता तो फक्त मुलं आपापल्या घरून आणतात.

जॉन ड्यूईने शिकागोत १८९६ साली प्रयोगशाळा म्हणून जी शाळा काढली, तिथली एक हकिकत त्याने लिहून ठेवली आहे. मुलांना कच्चा कापूस आणि लोकर दिली होती. मुलांच्या एका गटाने अर्धा तास बसून बोंडातून सरकी सोडवली, तर हाती एक औंसही कापूस आला नाही. माणसं सुती कपड्यांआधी लोकरीचे का वापरत होती, हे मुलांना तिथे बसल्या बसल्या कळलं. ही हकिकत वाचताना मला आमचा डिसेंबरचा कापूस आठवला. कापूस तोच. त्यांच्याकडे तो उलट उत्तर देत होता, आमच्याकडे तो गोंद लावू तिथे चिकटत होता.

मला वाटतं मुद्दा इथे आहे. थीम गोड असली म्हणून खोटी होत नाही. मुलांना गोड गोष्टी लागतात, मलाही लागतात. थीम खोटी होते ती मुलाला तिच्यात ‘असं नाही टीचर’ म्हणायला जागा राहत नाही तेव्हा. स्नोमॅनबद्दल आमच्या वर्गातलं कुठलंच मूल मला चूक ठरवू शकत नाही, कारण त्यांच्यातल्या कुणी बर्फ पाहिलेला नाही आणि मीही पाहिलेला नाही. सगळे मिळून एका पीडीएफवर विश्वास ठेवतो. चौथा ढीग करणारी मुलगी मात्र मला चूक ठरवू शकली. तिच्या आईचं कार्ड बारांत नव्हतं, पण कांदा समोर आल्यावर आईचं काम आपोआप वर्गात आलं आणि त्या दिवशी वर्गातलं सगळ्यात जास्त ज्ञान तिच्याकडे होतं.

हे शहाणपण आपल्याकडे नवं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यात बोर्डीला काम सुरू केलं, तेव्हा हरिजन वाड्यातली मुलं बालवाडीत येईनात. मग बालवाडीच उठून त्यांच्या अंगणात गेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. पुढे कोसबाडला गुरं राखणारी मुलं शाळेत येऊ शकत नव्हती म्हणून शाळा कुरणावर नेली. माँटेसोरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती, तर शंख-शिंपले, बिया, खडे वापरले. शिकताना आम्हाला हे ‘कमी खर्चातली साधने’ या मथळ्याखाली शिकवलं होतं आणि पाच मार्कांना यायचं. आता वाटतं, पैसे वाचणं हा त्यातला सगळ्यात किरकोळ भाग असावा. अंगणात वर्ग भरला की भिंत नसते. चुलीचा धूर येतो, शेळी येते, आईचं भांडण ऐकू येतं. बाईला आपण सांगतोय ते आणि समोर दिसतंय ते यांत फार अंतर ठेवता येत नाही.

पण अंगणाची दुसरी बाजूही आहे आणि ती मला त्या रडणाऱ्या मुलीने शिकवली. वर्गात खरं जग आलं की ते एका बाजूचं येत नाही. माझ्या वर्गात शेतकऱ्यांची मुलं आहेत, व्यापाऱ्यांची आहेत, हमालांची आहेत, खळ्यावरच्या बायांची आहेत. बाहेर या माणसांचे हितसंबंध एकमेकांवर आदळतात. वर्गात त्यांची मुलं एका सतरंजीवर बसतात. खरेपणाच्या उत्साहात मी बाहेरचं भांडण आणून त्या सतरंजीवर ठेवलं आणि दोन मुलांना आपापल्या बापाची बाजू लढवायला लावली. त्यातल्या एकीला चोर म्हटलं गेलं. तिच्या बापाने त्या महिन्यात काय कमावलं, काय गमावलं, मला माहीत नाही. भाव वरून येतो हे त्याचं म्हणणं सगळं खरं नसेल, पण सगळं खोटंही नाही. निर्यात कधी बंद होते, कधी उघडते, दिल्लीत काय ठरतं, हे लासलगावातल्या कुठल्याच ओट्यावर ठरत नाही. पण हे पाच वर्षांच्या मुलीने का सिद्ध करायचं?

हाना आरेन्टचा शिक्षणावर एक निबंध आहे, १९५०च्या दशकातला. त्यात ती दोन गोष्टी म्हणते आणि त्या एकमेकींना छेद देतात. एक, शिक्षक मुलासमोर जगाचा प्रतिनिधी म्हणून उभा असतो. हे जग मी केलेलं नाही, मला ते आवडतही नाही, असं मनात असलं तरी मुलासमोर त्याला त्या जगाची जबाबदारी घ्यावी लागते. दोन, वाढणाऱ्या मुलाला आडोसा लागतो, जगाच्या भगभगीत उजेडापासून लांब असलेली सावली लागते. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं बाईंनी ठरवावं एकदाचं, दाखवायचं की झाकायचं. आता वाटतं की तिला कदाचित हेच म्हणायचं होतं, की शिक्षकाने दोन्ही एकाच हाताने करायचं. टोपली उपडी झाली तेव्हा त्या मुलाला प्रश्न नको होता, उपदेश नको होता, ‘शेतकरी जगाचा पोशिंदा’ हे गाणं तर नकोच होतं. कुणीतरी शेजारी येऊन बसायला हवं होतं. आणि त्या मुलीच्या बाजूला उभं राहून, “हा खेळ आहे, इथे कुणी चोर नाही,” असं माझ्यासारख्या मोठ्या माणसाने मोठ्या आवाजात म्हणायला हवं होतं. माझे दोन्ही हात मोबाइलला होते.

मोबाइलचं एवढ्यावर सुटत नाही. रेकॉर्डिंग करणं मुळातच वाईट, असं मी म्हणत नाही. ड्यूईने काढलेल्या त्याच शाळेत पुढे व्हिव्हियन पेली नावाची बाई वर्षानुवर्षं केजीला शिकवत होती. ती वर्गात टेपरेकॉर्डर ठेवायची आणि नंतर एकटीने ती टेप ऐकायची. मुलं काय बोलली आणि त्यातलं आपल्याला वर्गात असताना काय ऐकूच आलं नाही, हे शोधायला. तिची पुस्तकं त्यातून झाली. ती स्वतःची चूक ऐकायला रेकॉर्ड करत होती. आम्ही रेकॉर्ड करतो ते पालकांना दाखवायला, की बघा, फी कामी लागतेय. थीमचा अर्धा जन्म आता या कारणासाठी आहे. थीम फोटोत चांगली दिसते. सगळी मुलं पिवळ्या कपड्यांत, मागे चार्ट, वर झिरमिळ्या. मूल तासभर एका तराजूशी झटत बसलं तर त्याचा फोटो येत नाही. आला तरी त्याला लाइक मिळत नाही.

मार्केटमध्ये ट्रॉली लागते तेव्हा व्यापारी वरचा माल बघून बोली लावतो. खळ्यावर ट्रॉली रिकामी झाली आणि खालचा माल वेगळा निघाला की कटकट होते, भाव कमी करा म्हणतात. आम्ही पालकांच्या ग्रुपवर रोज वरचा माल टाकतो. त्या शुक्रवारी चुकून तळापर्यंतची ट्रॉली गेली.

तरी त्या वडिलांना तो व्हिडिओ हवा होता. हे माझ्या हिशोबात बसत नाही आणि मी ते बसवायचा प्रयत्न सोडून दिलाय. मुलाचं दुःख मी चव्हाट्यावर टाकलं हे खरं. आणि ते टाकलं नसतं तर आपल्या मुलाने काय पाहिलंय हे त्या माणसाला कळलं नसतं, हेही खरं. म्हणून टाकलं ते बरं केलं असं होत नाही. मी गेटवर उभं राहून एकट्या त्यांना सांगू शकले असते. तेवढं साधं होतं.

पुढच्या आठवड्यात पीडीएफप्रमाणे ‘होली’ आली. आम्ही हाताचे ठसे काढले, रंगीत कागद फाडले. बाजाराचं सामान मी आवरलं नाही. तराजू, टोपल्या आणि राहिलेले कांदे कोपऱ्यात ठेवले, चार्ट काढून टाकला, मोबाइल कपाटात ठेवला आणि कुणाला काही सांगितलं नाही. ज्याला जायचं त्याने जावं.

दोन दिवस कुणी गेलं नाही. तिसऱ्या दिवशी हमालीचा शोध लागला. टोपली डोक्यावर घेऊन, “बाजू… बाजू…” ओरडत वर्गभर फिरणं यापुढे बाकी सगळं फिकं होतं. शेतकरी व्हायला कुणी तयार नव्हतं. व्यापारी व्हायलाही नाही. त्या मुलीने स्वतःसाठी काट्यावरचं काम निवडलं. प्रत्येक टोपली तराजूत ठेवून ती खोट्या वहीत काहीतरी लिहायची आणि चिठ्ठी फाडून द्यायची. भाव विचारला की म्हणायची, “मी फक्त वजन करते.” तो मुलगा ट्रॅक्टरचा ड्रायव्हर झाला. त्याची खुर्ची काट्यापाशी यायची, माल उतरायचा, तो चिठ्ठी खिशात घालायचा आणि परत जायचा. दोघं एकमेकांशी चिठ्ठीपुरतं बोलत होते. त्यांना मैत्री करायला लावायचा मोह मला फार झाला. ‘शेअरिंग इज केअरिंग’चा चार्ट भिंतीवर होताच.

एक दिवस मी न राहवून त्यांच्यात बसले. ठोकळे पडलेले होते, तर म्हणाले, “आपण कांद्याची चाळ बांधू या का? आत्ता भाव नाही ना, मग चाळीत भरून ठेवू. भाव आला की काढू.” मला वाटलं किती छान. त्या मुलाला एक वाट दाखवली.

त्याने कांदा हातात घेऊन माझ्यासमोर धरला.

“टीचर, हा लाल आहे. सडंल. उन्हाळी राहतो चाळीत.”

बरोबर होतं. लाल कांदा टिकत नाही, म्हणून तर मिळेल त्या भावात द्यावा लागतो. चाळीत भरायचा तो एप्रिलनंतरचा उन्हाळ कांदा. निफाड तालुक्यातल्या शेंबड्या पोराला हे माहीत असतं, असं आम्ही म्हणतो, आणि ते अगदी शब्दशः माझ्यासमोर उभं होतं.

“मग याचं काय करायचं?” मी विचारलं.

त्याने थोडा विचार केला. काट्यावरच्या मुलीकडे बघितलं. तीही विचार करत होती.

“माहीत नाही,” तो म्हणाला आणि खुर्ची वळवून पुढची खेप आणायला गेला.